नोंद: केस, एक

तुरीनच्या त्या कारखान्यात अकरा वर्षं
मी दारांच्या कडा पुसल्या.
पुसल्या म्हणजे फरशी पुसतात तशा नव्हे.
तंतू न सुटणारं कापड, एकाच दिशेनं, एकदाच,
मग भिंग, मग तिरपा उजेड, मग सही.

खोली अशी की तिला स्वतःचं असं काही नाही.
पिंपासारखी, आणि सहा तोंडं: चार अंगाला, दोन टोकांना.
याच्यातून त्याच्यात जायचं, एवढ्यासाठीच ती.
वर गेल्यावर जमीन कुठली, छत कुठलं, कोण विचारतो?
आम्ही मात्र इथे निळ्या पट्ट्यांवर लिहून चिकटवायचो:
ही जमीन. हे छत.

"म्हणजे नुसता जिना की गं," बाप म्हणाला.
रोक्को, माझा बाप, दोन पेट्या घेऊन पुल्याहून आला
आणि तीस वर्षं त्यानं मोटारींना डावी दारं बसवली.
उजवी कधीच नाही. उजवीकडे कालिस्तो होता,
त्याचा चेहरा बापानं बहुधा
काचेपलीकडूनच पाहिला.

मार्चातल्या एका मंगळवारी, तिसऱ्या दाराच्या रबरी कड्यावर
भिंगाखाली केस सापडला.
टोपी, जाळी, मुखपट्टी, सगळं जिथल्या तिथे असताना.
रबर आणि धातू यांच्यात केसाएवढी फट राहिली
तर कुणाचा तरी श्वास हळूहळू बाहेर,
आणि बाहेर म्हणजे फारच बाहेर.
चिमट्यानं उचलला. पाकिटात घातला. लिहिलं:
परकी वस्तू. केस, एक, पांढरा.
कुणाचा? खोलीत त्या पाळीला मी एकटीच.
चाळिशीची वर्दी मला आरशानं दिली नाही,
मीच मला दिली, तारीख-वेळ घालून,
आणि फेरूच्चोनं खाली शिक्का मारला, न हसता.

त्याच वर्षी बाप गेला.
घराच्या वाटण्या झाल्या, कोन्चेत्ताला गल्लीकडची बाजू,
मला अंगणाकडची.
भांडण कशावरून, ते सांगण्यासारखं नाही:
एक शिवणयंत्र, आणि इस्पितळात शेवटच्या रात्री
कोण जागलं, कोण नाही.
दोन स्वयंपाकघरांमधलं दार विटांनी बुजवलं.
गवंड्याचे पैसे निम्मे मी दिले, निम्मे तिनं.
काम चोख. पलीकडचा रेडिओसुद्धा ऐकू येत नाही.

ती वर गेली, सहाही दारांसकट.
एका जुन्या चित्रफितीत पाहिलं मी:
माणसं तिच्यातून माशांसारखी सरकतात,
कुणी टॉवेल वाळत टाकलाय,
कुणाचा तरी वाढदिवस, आणि सगळे तिथेच जमलेत,
कारण सगळ्यांना मावेल अशी दुसरी जागा नाही.
नुसता जिना की गं.
लोक जिन्यातच तर थांबतात, बाबा,
निरोप घेऊन झाल्यावरही.

आता माझेच सांधे करकरतात.
तरी पहाटे पाच वाजून बावीस मिनिटांनी
काठी घेऊन मी गच्चीच्या कठड्याशी जाते.
आल्प्सच्या काळ्या कडेवरून एक ठिपका निघतो,
लुकलुकत नाही, घाईत असल्यासारखा.
त्यात माझी सहा दारं आहेत
हे या रस्त्यावर दोघींनाच ठाऊक.

काल शेजारच्या कठड्याशी एक लाल टोक दिसलं.
सिगारेट. ती डॉक्टरनं बंद केली होती ना?
चार मिनिटं आम्ही दोघींनी
मान एकाच वेगानं वळवत नेली,
पो नदीवरच्या धुक्यापर्यंत.

"गेली," कोन्चेत्ता म्हणाली. हवेला म्हणाली असेल.
"परवा पुन्हा आहे," मी म्हटलं, "थोडी आधी."

ती हो म्हणाली नाही.
पण सिगारेट विझवायला
तिनं बराच वेळ लावला.